बोरू स्पष्ट आला आहे

पहिले दोन दिवस हातच चुकत होता.
भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी
तसा कॅमेरा कपाळाच्याही वर जायचा
आणि भिंगात नुसतं आभाळ.
साडेतीन किलोची सवय. वीस वर्षांची.
मनगटाचे टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
छंद ठेवा, वजन सोडा.
म्हणून हा. सगळं एकातच, भिंग बदलायची सोय नाही.
ब्रिज म्हणतात याला:
धड थोरला नाही, धड खिशातला नाही.

आणि आले कुठे, तर जिथे एकही पूल नाही.
तुल्चापासून चार तास बोटीने,
डॅन्यूब समुद्राला मिळायच्या आधी
मन बदलत राहते, फाटे फोडत राहते,
तिथलं हे लिपोवन गाव.
शेजारणीकडे मीठ मागायचं तरी होडी सोडावी लागते.
आमची होडी निकिफोरची. पोटापर्यंत दाढी,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
माझी भाषा त्याला येत नाही, त्याचे मला वीसेक शब्द.
पक्षी दिसला की तो बोटांनी घड्याळ दाखवतो.
दहा दाखवताना साडेआठच भरतात
हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दहाच्या दिशेला रातबगळा.
मी थेट साठपट जवळ जाते.
हिरवं. हिरवं. हिरव्याचा थरथराट.
बगळा कुठे गेला?
कुठेच नाही, तो जागीच आहे,
मीच हरवले आहे त्याच्या शेजारी, दोन हातांवर.
मागे येते, सापडतो.
पुढे जाते, हरवतो.

शिवाय ही खिडकी काचेची नव्हे.
आत दिसतं ते पाखरू नाही,
पाखराचं चित्र, पापणीभर शिळं.
खंड्या पाण्यात शिरतो, मासा घेऊन वर येतो,
माझ्या डोळ्यापुढे तो अजून फांदीवर
विचार करत बसलेला.

तिसऱ्या दिवशी निकिफोरने इंजिन बंद केलं,
वल्हंही आत घेतलं,
आणि ते अर्धं बोट माझ्या मनगटावर ठेवून
कॅमेरा खाली, मांडीपर्यंत आणला.
बस, म्हणाला बहुतेक. किंवा बघ.
मी बघितलं. पाणी. पलीकडे बोरूंची भिंत.
भिंतीत एक चीर, चिरेत वाकलेली एक काडी,
काडीवर तो.
वाट पाठ केली मगच कॅमेरा उचलला:
आधी सगळं पाणी, मग भिंत, मग चीर,
खटक्यावर अंगठा इतका सावकाश
की झोपलेल्या बाळाच्या मानेखालून हात काढून घेतेय.
काडी.
निळा.

संध्याकाळी एवदोकियाने मासळीचं कालवण वाढलं,
नदीचंच पाणी घालून शिजवलेलं.
मी पडद्यावर मोठं करून पाहिलं.
खंड्या नाहीच. एक निळा डाग,
चोच कुठे, डोळा कुठे, पत्ता नाही.
पुढे आडवं आलेलं बोरूचं पान मात्र
शीर न् शीर, काठावरच्या कुसळांसकट.
यंत्राला काय ठाऊक
आपण इतक्या लांब कोणासाठी आलो.

मी पुसणार, तोच निकिफोरने चष्मा शोधला.
खूप वेळ पाहिलं.
चिमटीत हवा धरून देठाची जाडी मोजली.
मग वर बोट केलं, छपराकडे:
हाच बोरू. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर चालत जाऊन कापायचा.
आणि डाव्या हातावरून उजवा सपकन फिरवला,
तेव्हा त्या दीड बोटाचंही कळलं.
एवदोकियाला हाक गेली. ती ओले हात पदराला, नव्हे, एप्रनला पुसत आली.
दोघं वाकली त्या एवढ्याशा उजेडावर.
खरोशी, म्हणाली ती. म्हणजे चांगला आहे.
पाखराबद्दल नव्हे.

पुसलं नाही.
बॅटरीची एकच रेघ उरली आहे
आणि जनरेटर नवाला बंद होतो.
उद्या कधी निघायचं विचारलं
तर त्याने पाच बोटं दाखवली.
उजव्या हाताची. मी नीट मोजून घेतली.