पिवळी रेघ

पोर्ट मोर्सबी. गॉर्डन्सच्या सुपरमार्केटपुढे
वीतभर रुंदीची एक पिवळी रेघ आहे,
दर डिसेंबरात नव्याने रंगवतात.
रेघेच्या आत यापाओची नोकरी.
बाहेर मी, माझं गोणपाट,
सुपारीचे पाच-पाचाचे ढीग, चुन्याच्या पुड्या.
आतलं सगळं मालकाचं, ते पाटीवर लिहिलंय.
बाहेरचं कुणाचं, हे अजून कुणी लिहिलेलं नाही.

यापाओच्या शर्टावर दुसऱ्याचंच नाव शिवलंय:
टी. मारिबू.
तो कुठे गेला, विचारलं एकदा.
म्हणाला, शर्ट मला धुऊनच दिला होता.

बारा तास उभा राहतो.
बुटांचे पैसे पगारातून कापतात;
बूट फाटले, हप्ते शाबूत.
कुत्र्याला कंपनीचं डबाबंद मटण,
यापाओ डबा उघडतो, वास घेतो, खाली ठेवतो,
आणि कुत्रा खाण्याआधी
दर वेळी त्याच्याकडे एकदा बघतो.
कुंपण शेत खातं म्हणतात.
या कुंपणाला जेवायला अर्धा तास,
तोही बिनपगारी.

पोलीस नाहीत असं नाही.
चौकी आहे, वळणावरच.
भाचीच्या घरात शिरले तेव्हा मी फोन केला,
ते म्हणाले, गाडी आहे, पेट्रोल नाही.
पळत गेले, तर चौकीच्या फाटकावर
यापाओच्याच कंपनीचा माणूस,
तोच राखाडी शर्ट.
म्हणाला, मावशी, वहीत नाव लिहा.
मी लिहिलं. काय करणार?
आमच्या पोलिसांची राखण कुणीतरी करायलाच हवी.

मग तो पगाराचा शुक्रवार.
इस्पितळातली नर्स, खांद्याला विणलेली झोळी,
रेघेपासून चार पावलं दूर.
पोरगा चौदाचा असेल,
किंवा सोळाचा, चौदाइतकंच जेवलेला.
हातात कोयता. कोयता त्याच्यापेक्षा थोर.
नर्स ओरडली नाही. रेघेकडे बघत राहिली,
जशी पोहता न येणारी माणसं काठाकडे बघतात.

खांबावरच्या कॅमेऱ्याला रेघेपर्यंतच दिसतं.
यापाओला सगळं दिसतं, हीच त्याची अडचण.
तो दोन्ही पाय जुळवून रेघेवर आला.
मी मनात म्हटलं, नको रे. मग म्हटलं, जा की.
दोन्ही खरंच म्हटलं.

त्याने एक पाय बाहेर टाकला.
काठी उचलली नाही. कुत्रा सोडला नाही.
एंगा बोलीत काहीतरी विचारलं, हळू,
दुकानात मिठाचा भाव विचारावा तसं.
पोरगा दगड झाला.
मग एकच शब्द बोलला.
झोळी खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली,
आणि धावत मोराटाच्या बसमागे गेला.

नर्स म्हणाली, उपकार झाले, मारिबू.
त्याने चूक दुरुस्त केली नाही.

काय विचारलंस त्याला?
"तुझ्या आईचं गाव कोणतं."
आणि तो?
"खरं सांगितलं त्याने."
पुढे तो बोलला नाही.
कोपरापासून मनगटापर्यंत हात मात्र
अंधार पडेतो थरथरत होता.

कॅमेऱ्यात अर्धाच यापाओ सापडला:
एक खांदा, एक पाय, कुत्र्याची दोरी.
कंपनीने अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
कागदावर कारण लिहिलं, जागा सोडली.
कंपनीचा हिशेब चोख असतो.

डिसेंबरात रंगारी आले.
उठ, म्हणाले. मी उठले नाही.
गुडघे दुखत होते, बाकी शौर्य वगैरे काही नाही.
ब्रश माझ्या गोणपाटाला वळसा घालून गेला,
तेव्हापासून रेघेला तिथे पोट आलंय.

मी आत का बाहेर? यापाओला विचारते.
तो इकडेतिकडे बघतो, कॅमेऱ्याकडे पाठ करतो,
हात पुढे करून म्हणतो,
चुना दे थोडा.