भाग पाचवा, पान दोनशे अकरा

चौथ्या भागाच्या शेवटी तुंगा चौदाची होती, मीही.
तिसरं कुलूप उघडून ती धुक्याच्या पुलावर उभी,
मागे माळिंग, हातात न विझणारा कंदील,
आणि खाली बारीक अक्षरात : क्रमशः.

पुढचं आलंच नाही.
खानापूरच्या वाचनालयातले गुरवकाका म्हणाले,
"छापणाऱ्यानं दुकान बंद केलंय म्हणे, बाळ.
आता ह्या चारावरच भागव की."

मी दोन वर्षं भागवलं.
पुस्तकांचे कणे सुटले. तिसऱ्याला
कौलांच्या कारखान्यातल्या खोक्याचा पुठ्ठा लावला,
अजून हात लावला की लाल धूळ सुटते.
मी सोळाची झाले.
तुंगा पुलावर तशीच, चौदाची,
एक पाय उचललेला.

मग नीलांबिका मठपतीच्या दप्तरातून
पाचवा भाग निघाला. जाड, निळा, कन्नड.
"मूळच कन्नड आहे गे हे," ती म्हणाली.
म्हणजे तुंगा पहिल्यापासून कन्नड बोलत होती
आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं कन्नड बसच्या पाटीइतकं :
लोंडा, नंदगड, अळणावर.
शाळेत पस्तीस मार्कांइतकं.
मामा म्हणाला, "आपण कशाला त्यांचं वाचायचं?"
मामा बसमध्ये चढला की "स्वल्प सरीरी" म्हणतो.

गोल अक्षरं, एकेकाच्या डोक्यावर तुरा.
दिवसाला एक पान, कधी अर्धं.
नीलानं जी दरी मधल्या सुट्टीत ओलांडली
ती ओलांडायला माझ्या तुंगेला आठ दिवस लागले.
भाकरी संपली असणार तिची.
एकदा ल आणि ळ मध्ये घोळ झाला,
हुली म्हणजे वाघ, हुळी म्हणजे आंबट,
आणि चार ओळी ती तलवार उपसून
आंबटाशी लढली.
नीला हसून बाकावरून पडली.

पान दोनशे अकरा.
चौथं कुलूप. माळिंगानं कंदील
तुंगेच्या हातात दिला, म्हणाला,
"होगी बरतीनी."
हे मला येत होतं. जाऊन येतो.
पुढची ओळ दोन शब्दांची :
माळिंग होदा.

मी पुस्तक घेऊन स्टँडवर पळाले.
नीला बसची वाट बघत शेंगा खात होती.
"होदा म्हणजे?"
"गेला."
"गेला म्हणजे गेला, की गेला?"
तिनं तोंडातली शेंग आधी संपवली.
"तुमच्यात पण एकच शब्द आहे की."
"पण तो जाऊन येतो म्हणालाय!"
"आमचे अज्जा पण म्हणाले होते,
धारवाडला दवाखान्यात नेताना."

बस आली. तिनं टरफलं माझ्या ओंजळीत दिली
आणि चढताना मराठीत म्हणाली, "येते."
मी टरफलं घेऊन उभी राहिले,
मलप्रभेच्या पुलावरून बस वळेपर्यंत.

सहावा भाग अजून कुठल्याच भाषेत नाही.
मी पाचवा वहीत उतरवतेय,
दोनशे पानी, रेघांची, गुरवकाकांच्या कपाटासाठी.
दोन पोरं रोज विचारून जातात, झाला का.
दरी माझ्या वहीतही आठ दिवसांचीच ठेवली,
आंबटाशी लढाई पण काढली नाही.

काल त्या ओळीशी पोचले.
मेला लिहिलं, खोडलं.
निघाला लिहिलं, तेही खोडलं, कागद पातळ झाला.
शेवटी लिहिलं, माळिंग गेला
आणि पूर्णविराम दिला नाही.

काकांनी वही चाळली. पुठ्ठ्यावर
वाचनालयाचा शिक्का दोनदा मारला,
पहिला नीट उमटला नव्हता.
"त्या कंदिलाचं पुढं काय?" म्हणाले.