भट्टीला तडा गेला म्हणून

भट्टीला तडा गेला म्हणून मला तीन दिवसांची सुट्टी मिळाली.
एकवीस वर्षांत पहिली.
गवंडी म्हणाला, गुराम, माती ओली आहे,
तू इथं घुटमळून ती लवकर वाळायची नाही.
बायको म्हणाली, बाकुरियानीला जा. बर्फ बघ. माणसांत ये.
मेहुण्याची नारिंगी पँट दिली. ती पोटावर मिटेना,
वरून सुतळी बांधली.

सकाळी नऊ. भाड्याचे बूट.
बूट कसले, सिमेंट भरलेले डबे,
त्यांत पाय घालताना मी जो आवाज काढला
त्यानं रांगेतली पोरं वळून पाहू लागली.
मग त्या दोन फळ्या.
उजवी कोणती, डावी कोणती?
"सारख्याच," दुकानदार म्हणाला,
"पडताना तर अजिबात कळत नाही."

शिकवायला नानुली. वय अडुसष्ट.
पोस्टात होती, चाळीस हिवाळे फळ्यांवरून पत्रं वाटली.
पुढचा एक दात नाही, त्या फटीतून शीळ घालते
आणि पोरांचा अख्खा वर्ग जागच्या जागी थांबतो.
मी थांबलो नाही.
मला थांबायचं होतं,
फळ्यांचं मत वेगळं पडलं.

पहिल्यांदा पडलो तो उभ्या उभ्या.
उतार नव्हता, वारा नव्हता, कुणी बोललंही नव्हतं.
दुसऱ्यांदा पडलो तो उठताना.
तिसऱ्यांदा एका धर्मगुरूला सोबत घेऊन.
बिचारा काळ्या झग्यात उभा राहून पुतणीचे फोटो काढत होता.
दाढीतला बर्फ झटकत म्हणाला, "देव तुझं भलं करो,"
पण सूर आशीर्वादाचा नव्हता.
त्यानंतर मी मोजणं सोडलं.

"पाचर कर, पाचर!" नानुली ओरडते.
"पुढे टोकं जवळ, मागे टाचा लांब,
खाचापुरीचा तुकडा कापतोस ना, तशी!"
मी खाचापुरी करत नाही, मी शोती करतो,
होडीसारखा लांब पाव, दोन्ही टोकांना निमुळता,
हे तिला सांगेपर्यंत
माझा एक पाय बोर्जोमीकडे निघाला, दुसरा त्बिलिसीकडे
आणि मधल्या मध्ये मी,
घडीवर फाटणाऱ्या नकाशासारखा.

ओतिया नावाचं सहा वर्षांचं पोर
सफरचंद खात शेजारून गेलं.
"काका, गुडघे," एवढंच म्हणालं.

बर्फ मैद्यासारखा दिसतो म्हणतात.
ज्यांनी मैदा मळलेला नाही ते म्हणतात.
मैदा हात ओळखतो.
हा कॉलरमधून शिरतो, पाठीवरून उतरतो
आणि सुतळीपाशी येऊन निवांत वितळतो.

दुपारी, मी फतकल मारून पडलो होतो तिथंच
नानुली थर्मास घेऊन येऊन बसली.
"काम काय करतोस?"
सांगितलं: भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
डोकं खाली, पाय हवेत,
आतल्या तापल्या भिंतीवर कणीक थापतो. दिवसाला चारशे वेळा.
"कधी आत पडला नाहीस?"
"नाही."
"भीती?"
"हातात पीठ असतं. वेळ कुठे असतो?"
ती बराच वेळ गप्प.
मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल.
"बूड झटक," म्हणाली, "चहा संपला."

साडेतीनला, कुणाचं लक्ष नसताना, मी गेलो.
पंधरा-वीस हात. सरळ.
गुडघे वाकलेले, तोंड उघडं, सुतळी सुटलेली,
आणि कानांत तो आवाज,
पहाटे पहिलं लाकूड पेट घेतं तेव्हाचा.
कुंपणापाशी थांबलो. म्हणजे कुंपणानं थांबवलं.
वरून शीळ आली. पोरांचा वर्ग थांबला.
नाक लाल, एका हातात पँट धरून
मी उभा होतो.
उभा!

रात्री तीनला जाग आली, सवयीनं.
कणीक नाही, भट्टी नाही,
अंगातला एकेक सांधा आपापलं नाव सांगतोय.
खिडकीतून पाहिलं तर टेकडीवर
दिवे लावून एक यंत्र फिरत होतं,
लाटण्यासारखं, वर जायचं, खाली यायचं,
माझे खड्डे बुजवत.
तो मोठा, धर्मगुरूचा.
तो कुंपणाजवळचा. तो मात्र राहिला असता तर चाललं असतं.
सगळं एकसारखं लाटून ठेवलं त्यानं,
दुकान बंद करताना मी ओटा पुसून ठेवतो तसं,
उद्या नव्यानं पडायला.