उजवीकडून डावीकडे

तो काळा नाही.
सगळ्यांना आधी हेच सांगावं लागतं.
ठिपका म्हटलं की लोक शाई धरून चालतात.
हात लांब केला तर वालाच्या दाण्याएवढा,
मधल्यापासून जरा उजवीकडे,
आणि तिथे काहीच नाही.
उजवा डोळा मिटला तरी आहे. डावा मिटला तरी आहे.
दोन्ही मिटले की मात्र सापडत नाही.

टार्टूला तीन खेपा झाल्या.
पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं,
उजेडाचा कण दिसला की बटण दाबायचं.
न दिसलेल्यांसाठीही मी दोनदा दाबलं,
नापास होणारी पोर अंदाजे उत्तर ठोकते तसं.
मग डोक्याचे फोटो, रक्त, मणक्यातलं पाणी.
शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्वतःचा चष्मा काढून टेबलावर ठेवला,
म्हणाल्या, "मायमू, कारण सापडत नाही."
इतक्या नीट म्हणाल्या
की परतीच्या बसमध्ये मला त्यांचीच दया आली.

तीस वर्षं मी मात्सालूच्या मनोऱ्यावर पक्षी मोजते,
डोळ्यात तेल घालून.
सप्टेंबरच्या संध्याकाळी क्रौंच उथळ पाण्यात उतरतात,
रांगेने उभे राहतात एका पायावर,
आणि रांगेतल्या तीन माना नसतात.
पण आभाळ फाटत नाही.
हेच समजावणं अवघड.
भोक पडत नाही कुठे.
आतलं कोणीतरी शेजारचा तुकडा उचलून ठिगळ लावतं:
पाण्यावर पाणी, लव्हाळ्यावर लव्हाळा,
स्वयंपाकघराच्या भिंतीवर भिंतीचीच निळी फुलं.
टाका दिसत नाही.
आईला एवढं शिवणकाम जमलं नव्हतं.

एंडेलच्या नाकाकडे पाहिलं की त्याचा डावा डोळा जातो,
तिथे गाल येतो, नुसता गाल.
पहिल्यांदा मी किंचाळले होते.
परवा तो तसाच, एकडोळ्याने, मीठ मागत होता.
मी दिलं.

वाचताना पुढचा शब्द बुडतो.
विर्वेचं पार्नूहून पत्र आलं: जूनमध्ये मी येणार.
मी गादी उन्हात टाकली, उशीला नवा अभ्रा घातला.
"नाही" तिथेच होतं, कागदावर, ठसठशीत.
एंडेलने बोट ठेवून दाखवलं
आणि मग बराच वेळ बोट उचललं नाही.

माणूस पुरता पाहायचा तर त्याच्या जरा उजवीकडे पाहायचं.
दुकानातली साल्मे एकदा चटकन मागे वळली,
कोण उभं आहे बघायला.
कोणी नव्हतं.
निदान तिला तरी दिसलं नाही.

दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
ही आड कुठली? दृष्टीच्या ऐन अंगणात ठाण मांडून आहे.

गेल्या शरदात तावेतचे चारशे एकोणीस आले, माझे चारशे बारा.
पोरगं भलं. म्हणालं, तुमचाच आकडा लिहू.
मी नको म्हटलं.
हिवाळ्यात जुन्या वह्या काढल्या, ठिपक्याच्या आधीच्या.
दरवर्षी दोघं मोजणारे, दरवर्षी तफावत.
नऊ. चार. एका साली तेवीस.
तेव्हा माझे डोळे धडधाकट होते,
आणि ते तेवीस पाण्यात उभे होते.

यंदा एक युक्ती सापडली. कोणी शिकवली नाही,
थंडीने मान अवघडली म्हणून सुचली.
इतकी वर्षं मी ओळ वाचावी तशी मोजत आले,
डावीकडून.
उजवीकडून सुरू केलं तर ठिपका मागे राहतो,
माझ्यामागून येतो, कुत्र्यासारखा,
आणि गिळतो ते फक्त मोजून झालेले.

काल पाण्यावर थोडा उजेड उरला होता.
एकेक क्रौंच मी नावाने घ्यावा तसा घेतला
आणि त्याला मागे सोडून दिलं.
चारशे सहा.
तावेतचे पाच जास्तच निघाले.
जिना उतरताना पायऱ्याही मोजल्या, उगाच.