पाचव्या रिळात ती उतरते

नवदुर्गा टॉकीजला एकच प्रोजेक्टर होता
आणि इनासबाब नावाचा एकच ऑपरेटर.
पेट्या लोंढ्याच्या गाडीने यायच्या कुडचड्याला,
सुक्या मासळीच्या टोपल्यांना टेकून.
त्या खेपेला झाकणांवरचे आकडे गंजून गेलेले,
आतली भाषा कुणाच्याच बापाची नाही.

मी अकरा वर्षांची. बाबांचा डबा घेऊन वर जायचे.
बाबा रिळं गुंडाळायचे, कार्बनच्या कांड्या बदलायचे.
भिंतीतल्या चौकोनी काचेला माझं नाक पुरावं म्हणून
एक रिकामी पेटी उपडी घालून द्यायचे.
"पळय, पूण उलयनाका."

काचेतून आवाज येत नसे.
मशीनची खडखड तेवढी, शिवणयंत्रासारखी,
आणि त्या खडखडीत एक बाई
पांढऱ्या झग्यात, हातात पाच मेणबत्त्यांचं झाड,
एका न संपणाऱ्या बोळातून चालत राहिली.
दारं तिच्याआधी उघडत होती.
चॅपलच्या फरशीवर ओली पावलं उमटत होती,
डावं, उजवं, डावं,
आणि पावलांवर कुणीच नव्हतं.
मेणाच्या तोंडाचा एक मुलगा
तळ्याकाठी बसून माशांना काहीतरी भरवत होता.
काय ते कॅमेऱ्याने दाखवलं नाही.
मला दिसलं.

दुसऱ्या रिळात तिला पुरलं. बर्फ पडत होता.
पाचव्या रिळात ती गाडीतून उतरली,
हातमोजे काढत, हमालाला नाणं देत, हसत.
खाली ट्रकवाल्यांनी शिट्ट्या मारल्या.
"इनासबाब, उलटें लायलां तुवें!"
इनासबाब विडी ओढत राहिला.
म्हणाला, "ना रे. तें तशेंच आसा."

खेळ सुटला की आई हॉल झाडायची.
खाणीची लाल माती, चपलांनी आणलेली,
रोज दोन घमेली निघायची.
त्या रात्री ती मधल्या रांगेपाशी थांबली.
अनवाणी पावलं, लाल,
दारापासून सतरा नंबरच्या खुर्चीपर्यंत आलेली.
परत जाणारी नव्हती.
आईने पदर खोचला आणि झाडून टाकली.
मी खुर्चीवर हात ठेवून पाहिला.
गार होती. रेक्झिन गारच असतं म्हणा.

बाबा गेले पुढच्या वर्षी, मे महिन्यात.
रात्रीचा खेळ संपवून येताना,
सावर्ड्याच्या पुलाजवळ, मागे येणारा खनिजाचा ट्रक.
चादरीबाहेर एकच पाऊल राहिलं होतं,
घोट्यापर्यंत लाल.
आईने त्या पावलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
बायका रडत होत्या. मी नाही.
मला ठाऊक होतं, हे दुसरं रीळ आहे.

मी स्टेशनवर जात राहिले.
हमाल यल्लाप्पा बाकावर जागा करून द्यायचा,
काही विचारायचा नाही.
मालडब्यातून पेट्या उतरायच्या, बर्फातली मासळी उतरायची,
धुराने तोंड भरलेली माणसं उतरायची.
दिवाळीपर्यंत गेले. मग शाळेत परीक्षा होती.

टॉकीजच्या जागी आता टायरचं गोदाम आहे.
तुटलेल्या फिल्मच्या सात चौकटी इनासबाबने दिल्या होत्या,
बिस्किटाच्या डब्यात पन्नासेक वर्षं पडून.
परवा खिडकीशी धरल्या.
रात्रीचा निळा पहिला गेलाय, मागून झाडांचा हिरवा,
मेणबत्त्यांचा पिवळासुद्धा.
उरलाय तो लाल.
लाल बर्फ, लाल झगा,
कुडचड्याचीच कुणी बाई वाटते ती,
ट्रकमागच्या धुळीतून घराकडे निघालेली.

सातवी चौकट फलाटाची.
ती उतरते आहे, एक पाय अजून पायरीवर.
तिच्यामागे, डब्याच्या दारात, आणखी कुणीतरी,
खांद्याखालचं तेवढं आलंय.
हातात फिल्मची पेटी असावी,
किंवा जेवणाचा डबा.

भिंग खणात आहे.
अजून काढलं नाही.