पिण्यास अयोग्य

मंगळवारी सोसायटीच्या फळ्यावर एक कागद लागला.
वर तुर्भ्याच्या प्रयोगशाळेचा शिक्का,
मध्ये जाड अक्षरांत :
नमुना क्रमांक दोन. पिण्यास अयोग्य.
लिफ्टपाशी थांबून सगळ्यांनी वाचलं,
सगळ्यांनी सेक्रेटरीला फोन केले.
मी सही वाचत राहिले.

ह. तांडेल.
'ह'ची शेपटी तशीच लांब,
पुढच्या अक्षराच्या पोटात शिरणारी.
तीन वर्षं त्या शेपटीखाली
मी लाल शाईनं बरोबर केलं,
आणि एकदा फुली मारली.

दुसऱ्या वर्षाची बॅच, पाण्याची कठीणता,
गळका ब्युरेट,
आणि हर्षालीच्या जर्नलात
आठ पूर्णांक चार,
आठ पूर्णांक चार,
आठ पूर्णांक चार.
'तीनदा केलंस?'
'तीनदा,' ती म्हणाली, डोळे न उचलता.
तीन फ्लास्कांतला एकच ओला होता.

मला ठाऊक होतं,
दिवाळ्याच्या बाजारात आईच्या पाटीशेजारी
पहाटेपासून हिशेब लिहून ती येते.
म्हणून मी ओरडले नाही.
खोटं कशाला, ओरडले, पण नंतर.
आधी एवढंच विचारलं,
'कुणाकडे सत्तर रुपये राहिले
तर वहीत अंदाजे लिहितेस का गं?'

ती गप्प.
मग नळाखाली फ्लास्क विसळू लागली.
साडेपाचला शिपाई किल्ल्या वाजवत दारात आला,
त्याला मी हातानंच थोपवलं.
एक थेंब. अजून एक. अर्धा.
जांभळट लाल होतं ते निळं झालं.
आठ पूर्णांक सात.
दोघींच्या तोंडून एकदमच 'हां' निघालं.

पुढे मी निवृत्त झाले.
शाल मिळाली, नारळ मिळाला,
भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अजून खोक्यात आहे,
त्यातला सेल मी टॉर्चला वापरला.
मुलं पांगली. एकजण महापेला रंगाच्या कंपनीत,
एकजण विमा विकतो, मलाही विकला.
कुणी पेढे घेऊन येतं.
पेढ्यांचा आनंद होतोच, नाही कशाला म्हणू,
डॉक्टरांनी साखर सांगितली असली तरी.

बुधवारी चौबळ जिन्याशी भेटले, घाम पुसत.
'मॅडम, एका आकड्याचा तर प्रश्न होता!
त्या पोरीला म्हटलं, जरा सांभाळून घ्या,
दोन फ्लॅट विक्रीला निघालेत आमच्याकडे.
तर म्हणते कशी,
तीनदा तपासलंय, हवं तर चौथ्यांदा तपासते,
पण येईल तो आकडा लिहीन.
काय हट्टी असतात! कोण शिकवतं हो यांना?'

मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि तीन मजले जिन्यानं चढले,
लिफ्ट चालू असताना.

आता टाकी उपसताहेत.
शेजारी जार मागवतात, सेक्रेटरीला शिव्या देतात.
मी मोठं पातेलं गॅसवर ठेवलंय.
बुडबुडे तळाला चिकटतात, सुटतात, वर येतात.
खिडकीतून खाडीच्या बाजूचे दिवे दिसतात,
त्यांतले दिवाळ्याचे कुठले, मला कधीच कळलेलं नाही.

कागदाच्या तळाशी, छापलेलं संपल्यावर,
तिनं पेनानं लिहिलं होतं :
वीस मिनिटे उकळून घेणे.
एकोणिसाव्या मिनिटाला
माझा हात बटणाकडे गेला,
आणि मी तो मागे घेतला.