डावा कमी वाजतो

सारंगांनी रूवी सोडताना
बारा रियालला दिले दोन्ही स्पीकर, ॲम्प्लिफायरसकट.
पहिल्याच रात्री कळलं, डावा कमी वाजतो.

आधी वायरी. डावीची उजवीत, उजवीची डावीत.
कमीपणा उडी मारून उजव्या खोक्यात.
म्हणजे खोकी निर्दोष.
मग मागच्या पिना उलटसुलट केल्या; कमीपणा ढिम्म.
चोर ॲम्प्लिफायरमध्येच.
झाकण काढलं. बारीक पिवळी धूळ, एक वाळकी मुंगी,
बाकी सगळं शहाणं.

सगळ्यात सोपं ते शेवटी दिसलं:
बॅलन्सचं बटण उजवीकडे कललेलं,
आणि तिथेच पट्टीवर ब्लेडनं ओढलेली रेघ.

दापोलीला फोन लावला.
"ती रेघ मर्जीनाची," सारंग म्हणाले.
"उजव्या कानानं कमी ऐकायची.
मी फिरवत गेलो, ती डोळे मिटून बसलेली.
'हां, आता मधोमध आलं' म्हणाली,
तिथे खूण केली."
पुढे बोलले नाहीत.
एसीचा आवाज तेवढा, माझ्याकडचा.

बटण सरळ केलं.
गाणारा भिंतीतून येऊन
दोन खोक्यांच्या मध्ये उभा राहिला.
बारा रियाल वसूल.

पण एखाद्या शुक्रवारी, पुसता पुसता,
बटण त्या रेघेपर्यंत नेतो
आणि बसून ऐकतो,
उजव्या कानात कापूस घालून.